झिंक फेराइट घेऊन इंदूरला: इंडस-२ वरचे तीन दिवस

गेल्या महिन्यात मी आणि माझी लॅबमधली मैत्रीण कोल्हापूरहून इंदूरला, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-२ या क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर मोजमापं करून आलो. ज्यांना पहिल्यांदाच बीमटाइम (यंत्रावर मोजमापासाठी ठरवून दिलेली वेळ) मिळालाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आमचं काम दीड वर्ष एकाच ठिकाणी अडलं होतं. झिंक फेराइटचे (झिंक, लोह आणि ऑक्सिजनच्या संयुगाचे) कण मोठे असतील तर खोलीच्या तापमानाला त्यात चुंबकत्व दिसत नाही म्हटलं तरी चालेल. आमच्या नॅनोकणांत मात्र ते स्पष्ट दिसत होतं. लोहाचे काही अणू झिंकच्या, म्हणजे चार ऑक्सिजनांनी वेढलेल्या, जागी जाऊन बसले असणार, असा अंदाज होता. पण दाखवायचं कसं? विभागातल्या एक्सआरडीला (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना बघणाऱ्या यंत्राला) लोह (अणुक्रमांक २६) आणि झिंक (३०) जवळपास सारखेच दिसतात. इंडस-२ वर क्ष-किरणांची ऊर्जा हवी तशी बदलता येते. ७११२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास लोहाचं शोषण एकदम वाढतं, ९६५९ ला झिंकचं. आलेखात ही वाढ डोंगराच्या कड्यासारखी दिसते; त्या कड्याच्या आकारावरून आणि आलेखातल्या पुढच्या लहरींवरून त्या अणूभोवती ऑक्सिजन चार आहेत की सहा, याचा माग लागतो. पूर्वी अशा मोजमापांसाठी इटलीतल्या त्रिएस्ते किंवा जपानमधल्या त्सुकुबाला जावं लागायचं. आता कोल्हापूरहून आगगाडीने जाता येतं आणि प्रकाशित होणाऱ्या संशोधनासाठी विद्यापीठांकडून बीमचे पैसे घेत नाहीत. हे मला फार मोलाचं वाटतं.

यंत्र म्हणजे १७२.५ मीटर परिघाचं रिंगण. त्यात २.५ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट) ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात आणि चुंबकांनी वळवले की प्रकाश सोडतात. भोवती बीमलाइन, म्हणजे तो प्रकाश (आमच्यासाठी क्ष-किरण) नमुन्यापर्यंत नेणाऱ्या वाटा. आम्ही ९ नंबरच्या एक्झॅफ्स (वर सांगितलेलं शोषणाचं मोजमाप) बीमलाइनवर होतो. शेजारी कुणी प्रथिनांचे स्फटिक बघतं, कुणी प्रचंड दाबाखालचे पदार्थ.

पहिल्याच संध्याकाळी आमची चूक कळली. दोन्ही मूलद्रव्यांसाठी आम्ही एकाच जाडीचे पेलेट (पावडर दाबून केलेल्या चकत्या) केले होते. झिंकला ते ठीक होते, पण लोहाच्या कड्यावर इतकं शोषण झालं की शिखरं चपटी आली. बीमलाइनवरच्या सरांनी आलेख बघताच सांगितलं, "कड्यावर शोषणाची उडी एकच्या आसपास हवी, तुमची अडीचच्या वर आहे." मग रात्री अकराला खलबत्ता घेऊन बसलो. १३ मिलिमीटरच्या डायसाठी (पेलेटच्या साच्यासाठी) ८ ते १० मिलिग्रॅम फेराइट आणि भर म्हणून १०० मिलिग्रॅम बोरॉन नायट्राइड लोहासाठी, झिंकसाठी फेराइट साधारण दुप्पट. अर्धा तास घोटल्यावर पावडर बोटाला पिठासारखी लागायला लागली, तेव्हा कुठे पेलेटला चिरा पडायच्या थांबल्या. हे घरूनच करून न्या, प्रत्येकी दोन जादा.

बीमची वेळ कमी पडते. एका स्कॅनला आम्हाला अर्धा-पाऊण तास लागला, आणि प्रत्येक नमुन्याचे किमान तीन स्कॅन हवेत. शिवाय रिंगणातला इलेक्ट्रॉनांचा करंट हळूहळू उतरतो. तो भरायचा तर आधीचा बीम सोडून ५५० एमईव्हीला (दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट) नवे इलेक्ट्रॉन घेतात आणि मग पुन्हा २.५ जीईव्हीपर्यंत चढवतात. तेवढा वेळ मोजमाप बंद. जेवण त्यातच उरकून घ्या. सर्वांत महत्त्वाचा नमुना पहिल्या दिवशी लावा, आणि लोह-झिंकच्या शुद्ध पत्र्यांचे स्कॅन विसरू नका, नाहीतर घरी आल्यावर ऊर्जेचं प्रमाण जुळवता येत नाही.

अथिना हे शोषणाचे आलेख तपासायचं सॉफ्टवेअर आधी शिकून जा. तिथेच आलेख लावून बघितला तर बिघाड तिथेच सापडतो. आमचा तसाच सापडला.

प्रवेशाची कागदपत्रं बीमटाइम मंजूर होताच पाठवा. अणुऊर्जा विभागाची जागा आहे, ऐनवेळी नाव घालता येत नाही. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. लॅपटॉप-पेनड्राइव्हची परवानगी आधीच विचारा. आवारातल्या अतिथिगृहाची विनंतीही त्याच पत्रात करा. मुंबईहून अवंतिका एक्सप्रेस रात्रीत पोचवते. इंदुरात मराठी सर्रास ऐकू येते, होळकरांचं गावच ते. पोहे-जिलेबी सकाळी सातला खा, नंतर दिवस हॉलमध्येच जातो.

तिसऱ्या पहाटे चारला लोहाचा नवा स्कॅन पडद्यावर उमटला. मुख्य कड्याच्या आधी एक छोटा उंचवटा असतो; लोह चार ऑक्सिजनांच्या घरात असेल तर तो मोठा होतो. जाड कणांच्या नमुन्यात तो जेमतेम होता. आमच्या नॅनो नमुन्यात तो सरळ वर आला होता. मैत्रिणीने दोन्ही रेषा एकमेकींवर ठेवल्या आणि आम्ही कितीतरी वेळ नुसत्या बघत बसलो.