मुठीखालची झीज

पिस्तूल कापडातून बाहेर येण्याआधीच बाईंनी मोबाइल पुढे केला. "अगदी असंच पिस्तूल इतक्याला आहे. निदान तेवढे तरी मिळतील ना?"

तो आकडा जाहिरातीत मागितलेला होता, विक्रीचा नाही. मागायला कुणाचं काय जातं! एखादी जाहिरात सहा महिने तशीच पडून असेल, तर त्या किमतीला कुणी घेत नाही एवढंच तिच्यातून कळतं. जुन्या पिस्तुलांची किंमत ठरवताना मी फक्त पार पडलेले व्यवहार धरतो. लिलावाचा भाव असेल, तर तो बोलीचा आहे की कमिशन धरून ग्राहकाने मोजलेला, हे आधी बघतो. विकणाऱ्याच्या हातात पडते ती रक्कम या दोन्हींपेक्षा कमी असते. एकाच व्यवहाराचे हे तीन आकडे लोक सर्रास एकमेकांत मिसळतात.

पिस्तूल हातात घेतलं की पहिलं काम ठरलेलं: मॅगझिन बाहेर, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी आणि मग करंगळीनेही तपासायचं. "रिकामंच आहे हो, कित्येक वर्षं कुणी हात लावला नाही," असं सांगितल्यावर तर नक्कीच.

कोल्ट कंपनीचं वुड्समन मॅच टार्गेट होतं, पहिल्या मालिकेतलं. मूळ रचना अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगची. पिस्तूल 1915 मध्ये बाजारात आलं, 'वुड्समन' हे नाव 1927 मध्ये पडलं आणि जड, चपट्या बाजूंच्या नळीचं मॅच टार्गेट 1938 मध्ये निघालं. त्याच्या सिरियल नंबरापुढे 'एमटी' असतं. त्यावरच्या लक्ष्याच्या छापामुळे संग्राहक त्याला 'बुल्सआय' म्हणतात. मॅगझिनचा खटका मुठीच्या तळाशी होता, म्हणजे दुसरी मालिका नक्कीच नाही. 1947 नंतरच्या दुसऱ्या मालिकेत तो बटणाच्या रूपात ट्रिगर गार्डच्या मागे गेला.

पहिल्या नजरेत पिस्तूल देखणं होतं. लाकडी मूठ तर फारच. पहिल्या मालिकेची ही एकसंध अक्रोडी मूठ तिच्या रुंद, पसरट आकारामुळे 'हत्तीचे कान' म्हणून ओळखली जाते. ती नाजूक असते, तडकते, म्हणून अस्सल आणि धड मूठ मिळणं अवघड. नेमक्या याच कारणाने नकलाही भरपूर निघाल्या. बाईंच्या मोबाइलवरच्या पिस्तुलाची निम्मी ऐट त्या मुठीतच होती.

आधी पोलादाकडे वळलो. ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, मूळचं आहे की नंतर केलेलं, हे रंगावरून ठरवू नका, कडांवरून ठरवा. पुन्हा ब्लूइंग करण्याआधी धातू पॉलिशच्या चाकावर धरतात. त्यात कोरलेल्या अक्षरांच्या कडा गोलावतात, स्क्रूच्या भोकांचे काठ बशीसारखे खोलगट होतात, सपाट बाजू किंचित लाटेसारखी दिसते. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नळीच्या चपट्या बाजूवर पाडून पिस्तूल हळूहळू फिरवायचं. रेघ सरळ राहिली तर ठीक, वाकली तर चाक फिरलेलं आहे. इथे रेघ सरळ होती आणि अक्षरं बोटाला टोचत होती. नळीच्या तोंडाशी रंग उडालेला, एका बाजूला गंजाचे बारीक ठिपके. ते ठिपके चामड्याच्या म्यानाचे. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेली रसायनंही त्यात राहतात, त्यामुळे पिस्तूल म्यानात ठेवून देणं म्हणजे गंजाला आमंत्रण. मूळ ब्लूइंग 85 टक्के शिल्लक, असं मी लिहिलं. ठिपके घासून काढायचा मोह बाईंना झाला होता, तो त्यांनी टाळला हे नशीब. नव्याने ब्लूइंग केलेलं पिस्तूल संग्राहकाकडे साधारण निम्म्या भावाला जातं.

मग लाकूड. स्क्रूची खाच आतून चमकत होती, म्हणजे मापात न बसणारा स्क्रूड्रायव्हर अलीकडेच लागला होता. मूठ उतरवली. आतली बाजू फिकट, कोरडी, तेलाचा डाग नाही. कित्येक दशकं पिस्तुलावर असलेलं लाकूड आतून तेल पिऊन काळवंडतं, आणि फ्रेमच्या कडांचा ठसा त्यावर उमटतो. इथे तसं काहीच नव्हतं. खरी साक्ष दिली ती फ्रेमने. लाकडाखाली पूर्ण झाकलेल्या पट्टीवर ब्लूइंग उडून पोलाद राखाडी झालं होतं. ही झीज हाताच्या घामाची. लाकूड असताना हात तिथे पोचूच शकत नाही. म्हणजे या पिस्तुलाचं सगळं आयुष्य दुसऱ्याच मुठीसह गेलं होतं, ही पट्टी उघडी ठेवणाऱ्या मुठीसह.

फ्रेमवरचं तेल पुसून भिंग लावलं. बारीक अक्षरं: 'यू. एस. प्रॉपर्टी', शेजारी ज्वाळा निघणाऱ्या बॉम्बचं चिन्ह. अमेरिकी सैन्याची खरेदी. दुसऱ्या महायुद्धात मॅच टार्गेट सैन्यानेही घेतलं, पण 'हत्तीचे कान' लावून नव्हे, तर लांबट प्लास्टिकच्या मुठीसह. कुणीतरी पुढे 'ते कसलं प्लास्टिक' म्हणून नवं लाकूड चढवलं होतं. हौस समजते मला, पण संग्राहकाच्या हिशोबात ही हौस उलटी पडते.

"म्हणजे नकली आहे का?" बाईंचा चेहरा उतरला.

"पिस्तूल अस्सल आहे. लाकूड तेवढं नवं."

ट्रिगर तपासायला 907 ग्रॅमचं वजन लागतं. म्हणजे दोन पौंड. 'बुल्सआय' नावाच्या अमेरिकी नेमबाजी स्पर्धेत याच्यासारख्या .22 (इंचांतला व्यास) पिस्तुलाच्या ट्रिगरने निदान एवढं वजन पेलावं, असा नियम आहे. नळी उभी धरायची, वजन ट्रिगरला अडकवायचं, सावकाश उचलायचं. हा ट्रिगर वजन टेबलावरून उठायच्या आधीच सुटला. कुणीतरी ट्रिगर हलका करायला सिअरची, म्हणजे ट्रिगर दाबेपर्यंत घोडा अडवून धरणाऱ्या तुकड्याची, कड दगडावर घासली होती. यात धोका असा की स्लाइड जोरात पुढे आदळली की सिअर निसटू शकतो, आणि एकदा ट्रिगर दाबून दोन गोळ्या जातात. दुसरा सिअर बसेपर्यंत या पिस्तुलातून गोळी झाडायची नाही, असं अहवालात पहिल्याच ओळीत लिहिलं. नेमबाज ग्राहकाच्या हातात अहवाल पडला तर त्याला हे आधी दिसायला हवं.

ट्रिगरची ही चाचणी रिकाम्या चेंबरवर करत नाही, प्लास्टिकचं डमी काडतूस घालतो. .22 रिमफायरमध्ये फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर आपटते. काडतूस नसलं तर ती थेट चेंबरच्या काठावर बसून तिथे खळगा पाडू शकते, मग रिकामी पुंगळी बाहेर निघताना अडकते. काठावर नख फिरवलं की खळगा लगेच लागतो. इथे नव्हता. नळीही आतून स्वच्छ, शिशाच्या गोळीने .22 ची नळी सहसा झिजत नाही, ती बिघडते गंजाने किंवा तोंडाकडून वेडावाकडा गज घालून.

दोन मॅगझिनपैकी एक पहिल्या मालिकेचं, दुसरं बटणवाल्या दुसऱ्या मालिकेचं. ते आत जातं, पण खटका धरत नाही. किमतीत ते शून्य.

आकडा काढताना मी आधार 100 धरतो: याच जातीचं, नागरी विक्रीचं, 90 टक्के ब्लूइंगचं, योग्य मूठ आणि एक मॅगझिन असलेलं, खोका नसलेलं पिस्तूल अलीकडे खरोखर किती घेऊन गेलं ती रक्कम. ब्लूइंगच्या फरकाचे 7 वजा. 98 वरून 90 टक्क्यांवर येताना भाव धाडकन पडतो, 70 वरून 60 वर येताना फारसा हलत नाही, त्यामुळे ही वजाबाकी सरळ प्रमाणात करता येत नाही. ठिपक्यांचे 5. सिअरचे 8, भाग मिळतो, पण तो मूळचा नसेल. सैन्याच्या छापाचे 15 अधिक. मुठीचे 25 वजा. राहिले 70. नकली लाकडाला मी वेगळी किंमत दिली नाही.

छापाच्या त्या पंधरालाही अट होती. सिरियल नंबर कळवून फी भरली की कोल्टच्या दफ्तरातून पत्र मिळतं: पिस्तूल कारखान्यातून कधी निघालं आणि कुठे गेलं. त्यावर सरकारी ठिकाण आलं तर छाप पक्का. तोवर मी एक आकडा न देता 55 ते 70 अशी कक्षा दिली.

बाई उठताना विचारलं, "हत्यारांच्या सामानात प्लास्टिकची एखादी जुनी मूठ होती का? किंवा डब्यात, ड्रॉवरमध्ये?" लाकूड चढवणारा माणूस जुना भाग बहुधा फेकत नाही, 'असू दे' म्हणून कुठेतरी टाकून ठेवतो.

संध्याकाळी फोटो आला. पत्र्याचा डबा, त्यात सफाईचा गज, वाळलेल्या तेलाची बाटली आणि प्लास्टिकची लांबट मूठ, स्क्रूच्या भोकापाशी केसाएवढी चीर. चीर चिकटवू नका, मूठ घट्ट आवळून बसवू नका, आहे तशी पिस्तुलासोबत द्या, असं कळवलं. मुठीचे 25 वजा होते त्यांचे 6 केले. कक्षा 74 ते 89, पत्र येईपर्यंत.