पार्किंगखालची खाण

इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम परगण्यातल्या एका सार्वजनिक तरणतलावाच्या पार्किंगमध्ये आमची बोअर मारायची रिग उभी होती. १५० मीटर खोल बोअर मारायचे, त्यांत प्लॅस्टिकच्या नळ्या सोडायच्या, त्यांतून पाणी आणि ते गोठू न देणारं ग्लायकॉल फिरवायचं आणि जमिनीतली दहा-बारा अंशांची ऊब हीट पंपाने चढवून तलावाला द्यायची, एवढंच काम. फ्रीज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तसंच. हीट पंपाला तलावासारखं गिऱ्हाईक नाही. पाणी २८-३० अंशांवर असलं की पोहणारे खूश. जुन्या रेडिएटरांना ७०-८० अंश लागतात, तिथे पंपाची वीज उगाच जळते.

पाऊस होता, हवेचा दाब सकाळपासून उतरत होता. एकाएकी रॉड झपकन मीटरभर खाली गेला आणि बोअरमधला चुरा घेऊन वर येणारं फ्लशचं पाणी गायब झालं. ड्रिलरने रिग थांबवली. आमच्या मराठवाड्यात बोअरला अशी पोकळी लागली तर मालक पेढे आणायला पळेल. इथे सगळ्यांचे चेहरे उतरले.

खाली जुनी कोळशाची खाण होती. ड्रिलिंगची परवानगी होती, नकाशेही पाहिले होते. पण बंद केलेल्या खाणीचे नकाशे सरकारजमा करायची सक्ती १८७२ च्या कायद्याने आली. त्याआधी कोणी कुठे किती खणलं, याचा सगळीकडे पत्ता नाही. अशा पोकळीत स्टाइथ साचतो. हा कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनचा वायू. त्यात प्राणवायू फार कमी, आणि हवेचा दाब पडला की तो भोकातून वर येतो. तोंडाशी ठेवलेला प्राणवायूचा मॉनिटर २०.९ टक्क्यांवरून १९ च्या खाली घसरला आणि कोकलायला लागला. भोक जाड पत्र्याने झाकलं, तरी माझं लक्ष वीसेक पावलांवरच्या जाळीकडे होतं. तलावाच्या हॉलमध्ये ताजी हवा ओढणारा पंखा तिथेच होता.

मी आत धावलो. व्यवस्थापिकेने एक प्रश्न न विचारता पंखा बंद केला आणि तलाव रिकामा करायला सांगितला. आत ज्येष्ठांचा व्यायामाचा वर्ग चालू होता. पाच मिनिटांत पंधरा-वीस आजी-आजोबा ओल्या कपड्यांवर टॉवेल गुंडाळून, वारा येतो त्या बाजूला, पावसात उभे. सॉरी म्हणताना माझी जीभ अडखळत होती. त्यांतले एक आजोबा रिगकडे बघत म्हणाले, "किती खोल आहात, पोरा?" मी आकडा सांगितला. "मग ही हटन असणार. माझा बाप हटनमध्ये होता." सीमचं, म्हणजे कोळशाच्या थराचं, नाव त्यांनी गल्लीचं नाव सांगावं तसं सांगितलं. नंतर भूगर्भतज्ज्ञानेही हटनच म्हटलं.

हॉलमधली हवा तपासून दुपारी तलाव उघडला. भोकात मोजपट्टी सोडली तर पोकळीत पाणीही लागलं. खाणी बंद झाल्या, पंप थांबले, की पाणी चढतंच. कौन्सिलचा माणूस हरखला, "म्हणजे फुकट गरम पाणी?" शेजारच्या गेट्सहेडमध्ये २०२३ पासून सुमारे १५० मीटरवरच्या खाणीतलं १५ अंशांचं पाणी वापरतात. पण तिथे ६ मेगावॉटचा हीट पंप आणि शहरात पाइपांचं जाळं आहे. एकट्या तलावासाठी हा खटाटोप मला पटत नाही. या पाण्यात लोह असतं. हवा लागली की त्याचा गेरू होतो आणि या पाण्यातली उष्णता काढून घेणारा हीट एक्स्चेंजर तुंबतो. शिवाय वापरलेलं पाणी परत सोडायला दुसरा बोअर लागतो.

ते भोक सिमेंट आणि बेंटोनाइट मातीच्या गाऱ्याने बुजवलं. उरलेले बोअर पोकळीतून केसिंग घालून न्यावेत, असं मी अहवालात लिहिलं. आणखी एक ओळ टाकली, ती कौन्सिलला फारशी रुचली नाही. बंदिस्त तलावाची बहुतेक उष्णता बाष्पीभवनात जाते. त्यामुळे पंप केवढा हवा, हे रात्री पाण्यावर आच्छादन पडतं की नाही यावरही ठरतं. आच्छादन आहे त्यांच्याकडे. रोलर मोडलाय म्हणून स्टोअरमध्ये गुंडाळून पडलंय.