गाय आपणहून आली पाहिजे

रोबोट धार कशी काढतो, हे गोठा बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो. गाय त्याच्याकडे जाते कशासाठी, हे फार थोडे विचारतात. यंत्र ठरवताना मीही ते विचारलं नव्हतं, आणि पहिल्या दोन महिन्यांतला बराचसा त्रास त्यातूनच झाला.

आमच्याकडे 58 दुभत्या गाई आहेत. 20 वर्षं आम्ही पहाटे आणि संध्याकाळी पार्लरमध्ये, म्हणजे सगळा कळप आणून मशीनने धार काढायच्या जागेत, धारा काढल्या. बाबांचे गुडघे गेले, माझा उजवा खांदा वर जाईना, आणि दोन्ही वेळा न चुकता येईल असा माणूस टिकेना. असं यंत्र नेदरलँड्समध्ये 1992 पासून गोठ्यांत चालतंय, म्हणजे हा काही कोणाचा प्रयोग नव्हे, एवढा विश्वास होता. तरी ठरवायला दोन वर्षं लागली.

एका यंत्रावर साधारण 60 गाई बसतात असं सांगतात. मी वहीत हिशेब मांडून पाहिला. एका धारेला गाय आत सुमारे 7 मिनिटं उभी राहते. दिवसाला सरासरी 2.7 धारा धरल्या तर 58 गाईंच्या 156 धारा होतात, म्हणजे सव्वाअठरा तास. धुलाईचा तास-सव्वा तास वेगळा. उरले साडेचार तास. हा वेळ रिकामा जातो, त्यात अजून काही गाई वाढवता येतील, असं मला तेव्हा वाटलं होतं. तसं केलं नाही हे बरं झालं. भित्र्या गाई त्याच वेळात येतात. दांडग्या गाई पोटभर खाऊन बसल्या, दारासमोरची जागा मोकळी झाली, की मग या हळूच आत शिरतात. तो वेळ भरून टाकला असता तर या गाई दिवसभर दाराबाहेर ताटकळल्या असत्या.

तयारी मी मनापासून केली, पण सगळी यंत्राची. वीज, जनरेटर, कॉम्प्रेसर, पाण्याचा दाब, एवढं बघून झालं. दूध थंड करायची टाकीसुद्धा बदलावी लागली, आणि ही गोष्ट आधी कोणी नीट समजावत नाही. पार्लरमध्ये दोन तासांत सगळं दूध एकदम टाकीत यायचं. रोबोटचं दूध चोवीस तास थोडं थोडं येतं. जवळजवळ रिकाम्या टाकीत कूलर पूर्ण जोरात चालला तर तळाशी बर्फ धरतो आणि दूध बिघडतं. शिवाय गाडी दूध भरून गेली की टाकी धुवायची असते, आणि यंत्र तर थांबत नाही. तेवढ्या वेळासाठी बाजूला एक छोटी टाकी बसवली.

गाई निवडताना कासेकडे पाहिलं. यंत्राचा कॅमेरा आणि लेझर सड शोधतात. मागचे दोन सड एकमेकांना चिकटलेले असतील तर त्याला एकच दिसतो. कास फार खाली लोंबत असेल तर यंत्राचा हात खाली शिरत नाही. अशा तीन गाई निघाल्या. त्यांतली चांदी बाबांची लाडकी, पाचव्या वेताची. तिला भाकड होईपर्यंत जुन्या मशीनवरच धार काढायची असं बाबांनी ठरवलं, आणि मीही वाद घातला नाही. बाकीच्यांच्या कासेवरचे केस कापून घेतले.

यंत्र सुरू करण्याआधी दहा दिवस गाईंना नुसतं त्यातून चालवलं. आत जायचं, थोडं खाद्य खायचं, बाहेर पडायचं, बस्स. हे दहा दिवस कोणी वाचवायला सांगितले तरी वाचवू नयेत.

मग धारा सुरू झाल्या. पहिले तीन दिवस आम्ही तिघं आठ-आठ तासांच्या पाळीने उभे होतो. प्रत्येक गाईचे सड कुठे आहेत ते पहिल्या वेळी यंत्राला पडद्यावरून दाखवावं लागतं, पुढच्या वेळी ते त्याच्या लक्षात राहतं. हात पोटाखाली सरकताना आवाज होतो, त्याने गाई बिचकायच्या. कोणी लाथ मारून सडांना लावलेले कप पाडले, कोणी आतच शेण टाकलं. बऱ्याच जणींनी दूधच सोडलं नाही. दुसऱ्या रात्री मी एका कालवडीवर जोरात ओरडलो. बाबा मागे उभे होते.

"ओरडू नकोस तिच्यावर. घाबरली की पान्हा चोरते."

बाबांचं बरोबरच होतं. कास पुसली, चोळली गेली की मिनिट-दीड मिनिटात पान्हा उतरतो, पण गाय घाबरली तर तो उतरतच नाही, मग हात माणसाचा असो की यंत्राचा. त्या रात्रीपासून यंत्राजवळ मोठ्याने बोलायचं नाही असा आम्ही नियमच केला. पहिल्या आठवड्यात दूध बरंच घटलं. पहिल्या वेताच्या कालवडी मात्र, ज्यांनी पार्लर कधी पाहिलंच नव्हतं, आठ-दहा दिवसांत सगळ्यांत आधी रुळल्या.

खरी अडचण तिसऱ्या आठवड्यानंतर आली. तोवर बहुतेक गाई आपणहून यायला हव्या होत्या, पण रोज 18 गाई आणाव्या लागत होत्या. सकाळी 18 आणि रात्री पुन्हा त्याच. याहून पार्लर बरं होतं, असं वाटायला लागलं. मी यंत्रातला खुराक वाढवला. काही फरक पडला नाही. कंपनीच्या माणसाला बोलावून यंत्र तपासून घेतलं. यंत्र ठीक होतं.

मग पशुआहाराचा सल्ला देणाऱ्या एका बाईंना बोलावलं. त्या यंत्राकडे गेल्याच नाहीत, सरळ गव्हाणीपाशी गेल्या. आम्ही गव्हाणीत मुरघासाबरोबर पार्लरच्या दिवसांत द्यायचो तेवढंच पशुखाद्य मिसळत होतो. "इथेच सगळं मिळतंय तर ती तिकडे कशाला जाईल?" त्या म्हणाल्या. गाय धार काढून घ्यायला यंत्राकडे जात नाही, ती खायला जाते. कास भरली म्हणून गाय येईल, हा माझा समजच मुळात चुकीचा होता. गव्हाणीतलं खाद्य बेताबेताने कमी केलं, वैरण पोटभर ठेवली, आणि तो वाटा यंत्रात दिला. तिथेही मर्यादा असते. गोळी पेंड गाय मिनिटाला साधारण 300 ग्रॅम खाते, म्हणजे 7 मिनिटांत दोन किलोच्या आसपास. त्याहून जास्त टाकलं तर उरतं, आणि एकदम जास्त खाल्लं तर पोटात आम्लता वाढते. आमची गोळीही ठिसूळ होती. भांड्यात भुसा साचायचा, गाई फुरफुर करून तोंड काढून घ्यायच्या. कडक गोळी आणली आणि दोन दिवसांत फरक दिसला. 18 वरून 12 वर आलो.

उरलेल्या 12 गाईंमागे मी एक पूर्ण दिवस नुसता फिरलो. नऊ गाई कमी-अधिक लंगडत होत्या. 20 वर्षं गाई पाळणाऱ्या माणसाला हे आधी दिसायला हवं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं. पार्लरला आम्ही सगळा कळप एकत्र हाकायचो. त्यात दुखऱ्या पायाची गायही ओढत ओढत येते आणि माणसाच्या नजरेतून सुटते. रोबोटकडे तिला एकटीने उठून चालत जायचं असतं. पाय दुखत असेल तर ती उठत नाही. खूर कापणाऱ्याला बोलावलं, तेव्हा दोघींच्या तळव्याला खोल जखमा निघाल्या. त्या किती दिवस दुखत असतील कोण जाणे. महिन्याभरात आणाव्या लागणाऱ्या गाई चार-पाचवर आल्या. यंत्र घेणाऱ्याला मी पहिली गोष्ट सांगतो ती हीच: आधी सगळ्या गाईंचे खूर करून घ्या, आणि ते यंत्र यायच्या दोन महिने आधी, नंतर नाही.

आणखी एक चूक माझीच. मी ठरलेल्या वेळी गाई आणत होतो. काही गाई ती वेळ शिकल्या आणि माझी वाट पाहत बसून राहायला लागल्या. आता वेळ बदलतो, उठवून सोडून देतो, आणि अगदी दारापर्यंत ढकलत नेत नाही.

उलटही होतं. आटत आलेल्या गाई नुसत्या खाद्यासाठी दिवसातून सहा वेळा येतात. त्यांची दर वेळी धार काढली तर थोड्या थोड्या दुधातली चरबी फुटते आणि दुधाला खवट वास येतो. म्हणून प्रत्येक गाईला धारेची परवानगी वेगळी ठेवली. नुकत्याच व्यालेल्या भरपूर दुधाच्या गाईला सहा तासांनी, उतरत्या वेताच्या गाईला दहा-बारा तासांनी. मध्ये आली तर फाटक उघडून बाहेर.

लायनर म्हणजे कपाच्या आतली, सडाला लागणारी रबरी नळी. तिचा हिशेब मला उशिरा कळला. साधं रबर सुमारे 2,500 धारा टिकतं. पार्लरमध्ये कपांचे आठ संच (युनिट) होते, एकेका संचावर दिवसाला 14-15 धारा, त्यामुळे ते साडेपाच महिने चालायचं. इथे 156 धारा एकाच संचावर होतात, म्हणजे 16 दिवसांत संपलं. मी तिसाव्या दिवशी बदललं तेव्हा काही सडांची टोकं लाल, खरखरीत झाली होती. आता सिलिकॉनचं वापरतो, ते पुष्कळ जास्त टिकतं, आणि तारीख भिंतीवर लिहिलेली असते.

रात्री फोन वाजतो. कधी कॅमेऱ्यावर शेण उडालेलं, कधी हवेची नळी फाटलेली. चार तास यंत्र बंद पडलं तर घडी बसायला पूर्ण दिवस जातो, आणि त्या दिवशी हाल होतात ते भित्र्या गाईंचे.

मनात एक भीती होती, की हात लागणार नाही तर गाय कळणार कशी. यंत्र प्रत्येक सडाचं दूध वेगळं काढतं, संपलेल्या सडाचा कप आधी काढतं, आणि दुधाची विद्युतवाहकता मोजतं. कासेला आजार व्हायला लागला की त्या सडाची वाहकता इतर तीन सडांपेक्षा वाढते. एकदा एका गाईच्या मागच्या डाव्या सडाची सूचना आली. मी कास दाबून पाहिली, गरम नव्हती, सूज नव्हती, धारही स्वच्छ. दुसऱ्या दिवशी त्याच सडातून गुठळ्या आल्या. हाताला कळलं नव्हतं ते यंत्राला आदल्या दिवशीच कळलं होतं. पण आमच्या भोरी गाईच्या मांडीमागचा गळू त्याला कळला नाही, तो बाबांनी पाहिला. बाबा आता सकाळी दोन तास गोठ्यात नुसते फिरतात, रवंथ करणाऱ्या किती, उभ्या किती, हे बघत. पूर्वी धारांच्या घाईत याला कधी वेळच मिळाला नाही.

चौथ्या महिन्यात दूध पूर्वीपेक्षा वर गेलं. चांदी त्या आधीच भाकड झाली होती.

आज सकाळी यंत्राकडे आपणहून न आलेल्यांच्या यादीत तीन गाई होत्या. एक परवा व्यालेली, तिचा चीक यंत्र वेगळ्या बादलीत काढतंय, तिला वाट अजून माहीत नाही. दुसरी कालवड, दारापर्यंत येऊन परतते. तिसरी भोरी. ती कधीच यादीत नसते. काल रात्रीपासून उठलेली नाही, म्हणून आता तिचा मागचा पाय बघायला निघालो आहे.