घोडेस्वारीचं मासिक तबेल्यात उघडलं जायला हवं

निकाल संध्याकाळपर्यंत मोबाइलवर येतो. पहिला कोण, उड्या मारताना कोणाचे किती दांडे पडले, घोड्याचं नाव काय, हे महिनाभराने पुन्हा छापलं तर वाचणारा पान उलटून पुढे जातो. घोडेस्वारीला वाहिलेलं मासिक माणूस हातात घेतो ते निकालामागे काय घडलं हे समजून घ्यायला आणि उद्या सकाळी मैदानावर किंवा तबेल्यात करून बघता येईल असं काही मिळवायला. मराठीत असं मासिक निघालं तर त्यात काय हवं, हे उदाहरणं घेऊनच सांगणं बरं.

हांगझोउच्या आशियाई खेळांचं बघा. 26 सप्टेंबर 2023 ला भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्ण जिंकलं. ड्रेसाज म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली करवून घ्यायच्या आणि परीक्षकांनी त्यांना गुण द्यायचे. 1982 च्या दिल्लीनंतर घोडेस्वारीतलं हे पहिलंच सुवर्ण. अनुष अगरवाला 71.088 टक्के, हृदय छेडा 69.941, दिव्यकृती सिंग 68.176, बेरीज 209.205. सुदीप्ती हजेलाचे 66.706 बेरजेत नाहीत, कारण चौघांतले सर्वोत्तम तिघेच धरले जातात. एवढं वर्तमानपत्रांतही आलं होतं. खरी गंमत मात्र खालच्या दोन ओळींत आहे. चीन 204.882, हाँगकाँग 204.852. फरक 0.03 चा. हा 0.03 म्हणजे किती? त्या चाचणीत, म्हणजे प्री सेंट जॉर्जमध्ये, एका परीक्षकाकडून जास्तीत जास्त 340 गुण मिळतात. पाच परीक्षकांचे मिळून 1700. त्यातला अर्धा गुण टक्केवारीत बसतो 0.029. म्हणजे पाच परीक्षकांपैकी एकाने, एका हालचालीला, फक्त एकदा साडेसहाऐवजी सहा दिले, एवढ्या फरकाने रौप्य आणि कांस्य ठरलं. कँटर या धावत्या चालीत दर तिसऱ्या स्ट्राइडला, म्हणजे ढांगेला, आघाडीचा पाय बदलताना एका वेळी मागचा पाय किंचित उशिरा आला, तर अर्धा गुण तिथेच जातो. वाचकाला असं गणित सोडवून दाखवलं, की पुढच्या वेळी तो आपली गुणपत्रिका वेगळ्या नजरेने वाचतो.

ड्रेसाजच्या पानावर सर्वांत उपयोगी पडेल ती एक साधी आकृती, 20 मीटरच्या वर्तुळाची. 20 बाय 40 मीटरच्या मैदानात जागा ओळखायला अक्षरं असतात. त्यातल्या आखूड बाजूच्या मध्यावरच्या ए पासून सुरू केलेलं वर्तुळ लांब बाजूला कुठे टेकतं? बहुतेक नवशिके के आणि एफ या अक्षरांवर टेकवतात. ही अक्षरं कोपऱ्यापासून 6 मीटरवर आहेत, वर्तुळ टेकायला हवं 10 मीटरवर, म्हणजे अक्षराच्या 4 मीटर पुढे. चौथा बिंदू मैदानाच्या मध्यावर, एक्सवर. अक्षरावर टेकवलं की घोडा कोपऱ्यात शिरतो, मग स्वार त्याला आत खेचतो, खांदा बाहेर पडतो आणि वर्तुळाचं अंडं होतं. 60 मीटरच्या मैदानात तर एक्स 30 मीटरवर असतो. तिथे चौथा बिंदू मध्यरेषेवर एल या अक्षराच्या 2 मीटर पुढे येतो. चार शंकू ठेवून आठवडाभर सराव केला की डोळ्याला माप बसतं.

जंपिंगच्या, म्हणजे अडथळ्यांवरून उड्यांच्या स्पर्धेच्या, वृत्तांतात कोर्सचा, म्हणजे अडथळ्यांच्या मार्गाचा, नकाशा मापांसकट हवा. ‘चौथ्या अडथळ्यावर अनेकांना त्रास झाला’ या वाक्यातून काहीच कळत नाही. चौथ्या आणि पाचव्या अडथळ्यात अंतर किती होतं, वळण होतं का, जमीन चढती होती की उतरती, मैदानाचं फाटक कोणत्या बाजूला होतं, हे सांगायला हवं. फाटकाकडे तोंड असलं की घोड्याच्या ढांगा आपोआप लांबतात, हे प्रत्येक कोर्स आखणाऱ्याला ठाऊक असतं आणि तो ते मुद्दाम वापरतो.

अंतराचा हिशेब असा. घोड्याची कँटरमधली एक स्ट्राइड साधारण 3.6 मीटर, उडी मारून उतरायला 1.8, पुढच्या उडीसाठी उठायला 1.8. कोर्स चालत मोजताना माणसाचं एक पाऊल 90 सेंटिमीटरचं धरायचं, म्हणजे चार पावलांची एक स्ट्राइड. पहिल्या अडथळ्याच्या पलीकडच्या दांड्याला पाठ लावून उभं राहायचं आणि पुढच्याच्या अलीकडच्या दांड्यापर्यंत चालायचं. वीस पावलं भरली तर 18 मीटर. त्यातली दोन उतरायची, दोन उठायची, उरलेल्या सोळात चार स्ट्राइड. इथे चूक होते ती पावलात. उत्साहात चालणाऱ्याचं पाऊल मीटरभर होतं, तेच अंतर अठरा पावलांत संपतं आणि तो समजतो की अंतर आखूड आहे. घरी अंगणात टेपने दर 90 सेंटिमीटरवर खुणा करून रोज दोनशे पावलं चालावं, दुसरा उपाय नाही.

पण खरं घोडं पेंड खातं ते पुढे. हे 3.6 मीटर मोठ्या घोड्याचे आहेत. आपल्याकडे क्लबात शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात, तसेच लहान चणीचे मारवाडी आणि काठेवाडी घोडेही असतात. एखाद्याची स्ट्राइड 3.3 मीटरच असेल, तर त्याच 18 मीटरमधून उतरण्या-उठण्याचे 3.6 वजा केले की 14.4 उरतात आणि त्यात 4.36 स्ट्राइड बसतात. चारही नाहीत, पाचही नाहीत. पाच बसवायच्या तर प्रत्येकी 2.88 वर आकसावं लागेल, त्यात घोड्याचा दमच तुटतो. चार बसवायच्या तर प्रत्येक ढांग 30 सेंटिमीटरनी वाढवावी लागते आणि ती तयारी पहिल्या अडथळ्याच्या आधीच्या वळणावर सुरू व्हावी लागते. उतरल्यावर टाच मारून उपयोग नसतो. घोड्याची उडी सपाट होते आणि तो पुढचा दांडा पाडतो. आपल्या घोड्याची स्ट्राइड किती आहे हे मोजायचं कसं, तेही मासिकाने सांगावं. रेतीवर दाताळं फिरवायचं, त्यावरून सरळ कँटर करायचा आणि एकाच पायाच्या लागोपाठच्या दोन ठशांमधलं अंतर टेपने घ्यायचं. पाच वेळा मोजून सरासरी काढायची.

आता चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा. माझ्या मते मासिकाची सर्वाधिक पानं यावर खर्च व्हावीत, कारण परदेशी मासिकातलं सगळ्यात कमी आपल्याला लागू पडतं ते इथेच. तिकडे हिरवी कुरणं आणि तयार खाद्याची पोती. इथे ओट, भिजवलेला हरभरा, गव्हाचा कोंडा आणि बाजारात त्या आठवड्यात मिळेल तो चारा.

आधी वजन. काटा नसेल तर टेपवर भागतं. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्याच्या लगेच मागे आणि कोपरांच्या मागून, घोड्याने श्वास सोडल्यावर. लांबी खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले 11,880. घेर 180, लांबी 160 असेल तर उत्तर 436 किलो. या घोड्याला वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे साधारण साडेसहा ते पावणेनऊ किलो कोरडा चारा रोज हवा. यातला चारा तोडून चंदी वाढवली, की अल्सर आणि पोटदुखी दाराशी येतात. धान्य एका वेळी दोन किलोच्या वर नको.

मग कॅल्शियम. 3 किलो ओट, 1 किलो हरभरा आणि दीड किलो कोंडा हा रतीब अनेक तबेल्यांत चालतो आणि घोडा त्यावर चमकतोही. हिशेब मांडला तर त्यातून कॅल्शियम मिळतं सहा-सात ग्रॅम आणि फॉस्फरस तीस ग्रॅमच्या आसपास. निम्म्याहून अधिक फॉस्फरस एकट्या कोंड्याचा. घोड्याला हवं याच्या उलट, कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीने किंवा दीड-दोन पट. हलकं काम करणाऱ्या 500 किलोच्या घोड्याची गरजच 30 ग्रॅम कॅल्शियमची असते. रक्तातली पातळी राखायला शरीर ते हाडांतून ओढतं. महिनोन् महिने काही दिसत नाही. मग घोडा आखडून चालतो, आज या पायाने लंगडतो, उद्या त्या पायाने, नालबंद बदलला जातो, खोगीर बदललं जातं, आणि शेवटी चेहऱ्याची हाडं दोन्ही बाजूंनी फुगतात तेव्हा कारण कळतं. चाऱ्यात संकरित नेपियर गवत जास्त असेल तर भर पडते, कारण त्यातलं ऑक्झलेट जे काही कॅल्शियम आहे तेही बांधून ठेवतं.

उपाय महाग नाही. कोंडा अर्ध्या किलोच्या आत आणायचा, लसूणघासाचा वाळलेला चारा 3 किलो द्यायचा. तेवढ्यातून चाळीसेक ग्रॅम कॅल्शियम येतं. लसूणघास मिळत नसेल तर खाद्यदर्जाची चुनखडीची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. 50 ग्रॅममधून 19-20 ग्रॅम कॅल्शियम मिळतं. पानाला लावतात तो चुना किंवा भिंतीला देतात तो चुना कदापि नाही, त्याने तोंड आणि आतडी भाजतात. मासिकात हे वाक्य ठळक छापावं.

उन्हाची गोष्टही अशीच. थंड देशातलं मासिक घोड्याला पांघरूण कोणतं घालावं यावर चार पानं देतं. आपल्याला हवा मे महिन्याचा तक्ता. हवेचं तापमान फॅरनहाइटमध्ये आणि आर्द्रता टक्क्यांत, दोन्हींची बेरीज करायची. 130 च्या आत असेल तर घोडा स्वतःला सहज थंड करतो. 150 च्या पुढे घाम नीट वाळत नाही, काम कमी करावं. 180 ला कामच नको. मुंबईत 33 अंश सेल्सिअस म्हणजे 91 फॅरनहाइट, आर्द्रता 70, बेरीज 161. पुण्यात एप्रिलच्या पहाटे 24 अंश म्हणजे 75, आर्द्रता 50, बेरीज 125. एकाच राज्यातल्या दोन क्लबांचं वेळापत्रक एकसारखं का नसावं, ते या दोन बेरजांत दिसतं. काम झाल्यावर गार पाणी अंगभर सतत ओतावं. तापलेल्या स्नायूंवर गार पाणी पडलं की घोडा आखडतो ही समजूत 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या तयारीतच मागे पडली होती, तरी तबेल्यात अजून ऐकू येते.

खोगिरांच्या जाहिराती येणारच, मासिक त्यावरच चालतं. पण परीक्षण वेगळं हवं आणि मापांसह हवं. स्वार बसलेला असताना खोगिराच्या पुढच्या कमानीखाली दोन-तीन बोटं राहतात का? मागचं टोक शेवटच्या बरगडीच्याही मागे तर जात नाही ना? चाळीस मिनिटांच्या कामानंतर खोगीर काढून पाठीचा फोटो छापावा. सगळीकडे घाम आणि मध्येच हाताएवढा कोरडा डाग असेल तर तिथे दाब येतोय किंवा खोगीर टेकतच नाही. त्याच जागी पुढे पांढरे केस उगवले तर दाब फार दिवसांचा आहे. एका फोटोत हे कळतं, चकचकीत पानभर छायाचित्रात नाही.

सारंगखेड्याची यात्रा मासिकाने जरूर घ्यावी. दत्तजयंतीला तापीकाठी भरणारा हा घोडेबाजार मराठी वाचकाचा स्वतःचा आहे. तिथे बोली चालते ती देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा), पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं), नुकरा (पांढरा), अबलख (दोन रंगांचा) या शब्दांत. केसांच्या भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ ठरवण्याची परंपरा सांगा, ती सुंदर आहे. पण त्याच पानावर हेही सांगा की घोडा कडक जमिनीवर सैल दोराने सरळ दुडक्या चालीत पळवून घ्यावा, कारण पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं. चारही खूर हाताने चाचपावेत, एखादा इतरांपेक्षा गरम असेल तर थांबावं. ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा अहवाल मागावा. हा रोग माणसालाही होतो आणि जनावराला त्यावर उपचार नाहीत.

आणि हे सगळं ज्याच्या हातात पडायला हवं तो वाचक म्हणजे सईस, घोड्याची देखभाल करणारा. स्वार दिवसात एक तास घोड्याबरोबर असतो, सईस दहा तास. त्याच्यासाठी दर अंकात एक पान मोठ्या अक्षरांत, सोप्या मराठीत, कापून प्लास्टिकमध्ये घालून पाण्याच्या टाकीजवळ टांगता येईल असं असावं. पहिलं पान पोटदुखीचं. उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44, जबड्याच्या खालच्या कडेला बोटाने लागते, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची. श्वास 8 ते 16. अंगाचं तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस. हिरडी दाबून सोडली की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. घोडा कुशीकडे वळून बघतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, सारखा बसतो-उठतो, लीद टाकत नाही, तर चारा-चंदी लगेच काढायची आणि घड्याळात वेळ बघून लिहायची. नाडी 60 च्या वर गेली तर एक मिनिटही वाट न बघता डॉक्टरला फोन. नळीशिवाय तोंडातून तेल पाजायचं नाही, ते फुप्फुसात जातं. डॉक्टर विचारतील त्या चार गोष्टी त्याच कागदावर भरायच्या: शेवटची लीद कधी, शेवटचं पाणी कधी, आज खाण्यात काय बदललं, नाडी किती. खाली डॉक्टरच्या नंबरासाठी दोन रिकाम्या चौकटी, कारण पहिला डॉक्टर रात्री दोनला फोन उचलेलच असं नाही.