महाद्वारातला मुक्काम आणि नंदवाळची वारी

आषाढीला पंढरपूर जमलं नाही की कोल्हापूरकर नंदवाळ धरतात. करवीर तालुक्यातलं हे गाव प्रतिपंढरपूर म्हणून ओळखलं जातं. मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरातून पालखी निघते, वाट दहा-बारा किलोमीटरची. एका दिवसात उरकते म्हणून या वारीला हलकं समजणारे आहेत. त्यांनी भर पावसात पुईखडीचा चढ एकदा चढून बघावा.

दशमीलाच कोल्हापुरात उतरलो आणि स्टेशनजवळची चकचकीत हॉटेलं सोडून महाद्वार रोडच्या एका बोळातलं जुनं लॉज गाठलं. मूळचा वाडाच तो. लाकडी जिना इतका उभा, की आधाराला वरून दोर सोडलेला. हात लागून लागून तो तुळतुळीत झालेला. खोलीत पलंग, दोन खुंट्या, एक कोनाडा. टीव्ही नव्हता, ते एक बरंच झालं. गल्ल्यावरच्या मामांनी रजिस्टर पुढं ओढलं. ‘येण्याचे कारण’ या रकान्यात सगळ्यात वर ‘देवदर्शन’ आणि खाली पानभर नुसती दोन-दोन टिंबं.

‘‘नंदवाळची वारी, असं लिहा.’’

‘‘त्ये बी देवदर्शनच की, पाव्हणं,’’ म्हणत मामांनी टिंबं मारलीसुद्धा.

एवढ्या मोक्याच्या जागी वर मजले का चढवले नाहीत, असं विचारलं तर म्हणाले, ‘‘आईच्या वाटंत कशाला यायचं?’’ रोख किरणोत्सवाकडे होता. नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारी संपताना मावळतीचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांवर, मग वर सरकत मुखापर्यंत. मधल्या उंच बांधकामांनी हे किरण अडतात, ही गावाची जुनी तक्रार. देवळाशेजारी धंदा करणाऱ्याच्या तोंडून हे ऐकून बरं वाटलं.

पहाटे घंटेच्या आवाजानं जाग आली. बंबाच्या पाण्यानं अंघोळ, महाद्वारातूनच आईला हात जोडले आणि तिकटीपर्यंत चालत गेलो. रिक्षा शोधायची भानगड नाही; देवळाजवळ राहण्याचा खरा फायदा हाच. खंडोबा तालमीपाशी रिंगण झालं, मग जुना वाशी नाका. रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस याच बाजूला. 1930 च्या दशकात बांधलेला राजवाडा, पुढे हॉटेल झाला. आपल्याला आपला दोराचा जिनाच परवडतो.

साने गुरुजी वसाहतीच्या पुढं पावसानं झोडपायला सुरुवात केली. जागोजागी केळी, राजगिऱ्याचे लाडू, साबुदाण्याची खिचडी. खिचडीत मिरची अशी, की उपवास असला तरी गाव कोल्हापूरच आहे हे कळावं. पुईखडीच्या माळावर घोडा सुटला आणि छत्र्या आपोआप मिटल्या. शेजारच्या आजींनी टापेखालचा चिखल बोटानं उचलून आधी नातवाच्या कपाळाला लावला, मग माझ्या. विचारलंसुद्धा नाही.

नंदवाळात रांग गावाबाहेरपर्यंत गेलेली. मुखदर्शनावर समाधान मानलं, कळसाला हात जोडले आणि केएमटीच्या बसला लोंबकळत परत आलो. खोली सोडायची वेळ टळून गेली होती. मामांनी जादा भाडं काही लावलं नाही, पण चिखलाच्या चपला मात्र बोळातल्या नळावर दोनदा धुवायला लावल्या.