आमच्या वाडीचा साकव आणि माहितीचा अर्ज

गेल्या वर्षी जुलैत आमच्या शेजारची दुसरीतली पोर शाळेतून घरी येताना साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून, घसरून खाली पऱ्यात पडली. पाणी त्या दिवशी कंबरेएवढंच होतं आणि मागून येणाऱ्या एका काकांनी उडी टाकली म्हणून ती आज आपल्यात आहे. साकवाला पलीकडच्या बाजूला रेलिंगच नव्हतं, आणि गंमत नाही हो, खरं सांगते, अलीकडच्या बाजूला बोर्ड होता की दुरुस्तीचं काम पूर्ण. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण त्याच साकवावरून माझा मुलगा पण जातो.

मग मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचं ठरवलं, आयुष्यातला पहिलाच. बरेच जण मेसेज करून विचारतात की कसा टाकायचा, काय लिहायचं, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते, माझ्या चुकांसकट.

पहिला अर्ज मी रागात लिहिला. साकवाला रेलिंग का लावलं नाही, याला जबाबदार कोण, त्यांच्यावर कारवाई का होत नाही, असे सात-आठ प्रश्न. महिन्याभरात उत्तर आलं, दोन ओळींचं, की आपण विचारलेली बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही. मला वाटलं टाळतायत. पण नंतर तालुक्याला एका निवृत्त क्लार्क काकांनी समजावलं तेव्हा कळलं की ते कायद्याला धरून होतं. या कायद्यात माहिती म्हणजे त्यांच्याकडे आधीच जे आहे ते, कागद, फाईल, रजिस्टर, फोटो, नकाशा, कॉम्प्युटरमधली नोंद, कामाच्या मालाचा नमुनासुद्धा. तुमच्यासाठी नवीन खुलासा तयार करून देणं त्यांना बंधनकारक नाही. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने सीबीएसईच्या प्रकरणात हेच सांगितलंय, ज्या निकालाने विद्यार्थ्यांना स्वतःच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका बघायचा हक्क मिळाला तोच तो निकाल. काका म्हणाले, "बाय, का म्हणून विचारू नको, कागद माग. उत्तर त्या कागदातच असतं."

आणि खरंच हा कायदा आलाच मुळी कागदावरून. राजस्थानात नव्वदच्या दशकात दुष्काळी कामावरच्या मजुरांना पूर्ण मजुरी मिळत नव्हती तेव्हा त्यांनी हजेरीपत्रकं आणि बिलं बघायला मागितली, गावोगाव जनसुनवाई घेतली. आपल्याकडे अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा २००२ मध्ये आला आणि मग देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्ण लागू झाला.

तर दुसरा अर्ज. काकांना विचारून विचारून यादी केली, आणि कुठलंही सरकारी बांधकाम असूदे, पाखाडी (पायऱ्यांची वाट), विहीर, धूपप्रतिबंधक बंधारा, शाळेची कौलं, तरी हीच यादी चालते. मंजूर अंदाजपत्रकाची प्रत, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतली त्या कामाची पानं (तिला सगळे एमबी म्हणतात), दिलेल्या बिलांच्या प्रती, काम पूर्ण झाल्याचा दाखला, आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामात दोष निघाला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, कधी संपतो ते दाखवणारा कागद. कामाचं नाव बोर्डावरून जसंच्या तसं उतरवायचं आणि वर्ष घालायचं, नाहीतर "बोध होत नाही" असं उत्तर येऊ शकतं.

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र अ च्या नमुन्यात करतात, एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांत, हा नियम २०१२ पासून आहे. माझा पहिला अर्ज त्यातही बसत नव्हता. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, तहसीलबाहेर स्टॅम्प वेंडरकडे मिळतो, किंवा रोख भरून पावती घ्यायची. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही, दाखला जोडायचा. एक लक्षात ठेवा, कोकण रेल्वे, पोस्ट अशा केंद्राच्या संस्थांना आपला कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, तिकडे दहा रुपयांची इंडियन पोस्टल ऑर्डर लावा. माहिती कशासाठी हवीय ते सांगायची गरज नाही, कलम ६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की कारण विचारता येत नाही, फक्त संपर्कासाठी लागेल तेवढंच द्यायचं. मला खिडकीवर विचारलंच, "कशाला पाहिजे तुम्हाला?" मी म्हटलं कायद्याने सांगायची गरज नाही, पण घसा कोरडा पडला होता ते आठवतंय.

कारण गाव लहान. सकाळी तालुक्याला अर्ज दिला की संध्याकाळी वाडीत चर्चा. सासूबाई म्हणाल्या कशाला नादाला लागतेस, उद्या आपलंच काम अडवतील. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही, इथे दाखल्यासाठी, घरपट्टीसाठी, सगळ्यासाठी त्याच चार माणसांसमोर उभं राहायचं असतं. म्हणून आम्ही पुढचं सगळं महिला बचत गटातल्या पाच जणींनी मिळून केलं, सही एकीची पण जाताना पाचजणी.

अर्ज हातात दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय निघू नका. पुढचं सगळं त्या तारखेवर चालतं. चुकीच्या कार्यालयात दिला गेला तरी त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, परत तुमच्या हातात द्यायचा नाही. उत्तराला तीस दिवस, आणि कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास.

आमचे तीस दिवस गेले, काहीच नाही. दिवाळी गेली, भात झोडून झाला, तरी नाही. मग प्रथम अपील, जोडपत्र ब, वीस रुपयांचा स्टॅम्प. ते त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत करायचं आणि त्यांनी तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल द्यायचा. इथे बरेच जण सोडून देतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण माझ्या अनुभवात तरी खरी हालचाल इथूनच सुरू झाली. सुनावणीला आम्ही पाचजणी गेलो, अधिकारी नीट बोलले, आणि आठ दिवसांत फाईल दाखवा, प्रती द्या असा आदेश दिला. आणि मुदत उलटून गेली की प्रती फुकट द्याव्या लागतात, एरवी पानाला दोन रुपये पडतात, हे मी तिथेच बोलून दाखवलं.

फाईल स्वतः बघणं, याला अवलोकन म्हणतात, माझ्या मते या कायद्यातली ही सगळ्यात चांगली सोय आहे. प्रती मागवल्या की ते देतात तेच आपण बघतो, फाईल हातात आली की कशाच्या मागे काय जोडलंय ते सगळं दिसतं. शिवाय २०१८ च्या जीआरने जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फाईली बघता येतात, हे आमच्याकडे कितीजणांना माहितीय? जाताना वही न्या, पान नंबर लिहून घ्या आणि त्याच पानांच्या साक्षांकित प्रती मागा.

एमबीतलं पान उघडलं आणि आम्ही सगळ्या गप्प झालो. रेलिंग, लांबी बारा मीटर, बाजू दोन. दोन. मोजमाप लिहिलेलं, खाली सही, पुढे बिल मंजूर. पोर जिथून पडली ती बाजू कागदावर रेलिंगसकट उभी होती. तिची आई आमच्यातच होती, ती ते पान पुन्हा पुन्हा वाचत होती.

ती प्रत आम्ही २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवली. आरडाओरडा केला नाही, फक्त पान वाचलं आणि साकवाचा फोटो दाखवला. सोबत लेखी तक्रार. मेमध्ये, पावसाच्या आधी, दुसऱ्या बाजूचं रेलिंग लागलं.

प्रथम अपिलातही काही झालं नसतं तर नव्वद दिवसांत द्वितीय अपील राज्य माहिती आयोगाकडे, आपल्याला कोकण खंडपीठ, बेलापूरला. तिथे वेळ लागतो, अपिलं खूप साचलेली आहेत. माहिती विनाकारण दिली नाही तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० पर्यंत दंड अधिकाऱ्याला होऊ शकतो, पण तो आपल्याला मिळत नाही, सरकारजमा होतो.

साकवाच्या तोंडाशी माती खचलीय ती अजून तशीच आहे. ते म्हणतात तो भाग अंदाजपत्रकात नव्हता, आणि ते खरं आहे, मी स्वतः अंदाजपत्रक वाचलंय, त्यामुळे तिथे मला त्यांना दोष देता येत नाही. त्यासाठी ग्रामसभेत वेगळा ठराव झालाय. तो ठराव पुढे पाठवला का, कुठल्या तारखेला, त्यावर काय शेरा पडला, त्या पत्रव्यवहाराच्या प्रतींसाठी परवा नवा अर्ज दिला. या वेळी सही त्या पोरीच्या आईची आहे, आणि पोच तिनेच मागून घेतली.