हेड उतरवण्याआधी कागद लावून बघितला

गाडी गरम होते म्हणून कुणी आलं की बॉनेट उघडायच्या आधी मी विचारतो, कधी? गावात की हायवेला, चढावर की सिग्नलला, एसी चालू असताना की बंद? निम्मं निदान तिथंच होतं.

गळीत हंगाम संपत आला होता. साखर कारखान्याच्या ऑफिसात काम करणारे एक साहेब त्यांची पेट्रोल सेडान घेऊन माझ्या कराडच्या गॅरेजवर आले. दुसरीकडे थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बदलून झाला होता, वॉटरपंप बदलून झाला होता आणि आता 'हेडगॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग) गेलंय, हेड उतरवावं लागेल' असं सांगितलेलं. खर्चाचा आकडा ऐकून माणूस पार खचला होता.

"मिस्त्री, गावात दिवसभर फिरवा, काय होत नाही. पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढायला लागलं की टेंपरेचरचा काटा वर. एसी बंद केला की जरा उतरतो. आणि एसी पण हल्ली नीट थंड करत नाही."

शेवटचं वाक्य ते सहज बोलून गेले, पण मला तेच हवं होतं. हेडगॅस्केट गेल्यानं एसी कमी थंड करत नाही. पुढच्या जाळीमागं आधी एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर, त्याच्या मागं इंजिनाचं कूलंट गार करणारा रेडिएटर. दोघांतून हवा एकच जाते.

तरी हेडगॅस्केटची शंका फेडायला हवी होती. इंजिन पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरचं टोपण काढलं. कूलंट भरपूर, ऑइलमध्ये दुधाळपणा नाही, म्हणजे त्यात कूलंट मिसळलेलं नाही. मग इंजिन चालू करून रेडिएटरच्या तोंडाला निळ्या पाण्याचा टेस्टर लावला. सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर ते पाणी पिवळं पडतं. निळंच राहिलं. त्यांचा जुना थर्मोस्टॅट डिकीत पडला होता. तो पातेल्यात पाणी घालून गॅसवर ठेवला, सोबत थर्मामीटर. अंगावर 82 कोरलेलं होतं आणि त्याच सुमाराला तो उघडायला लागला. म्हणजे चांगला पार्ट काढून टाकला होता. याची मला खरोखर चीड येते.

मग एसी लावून पंखा फुल चालू केला आणि वहीचा कागद जाळीवर धरला. पंखा मागून हवा ओढतो, त्यामुळं कागद चिकटून बसायला हवा. तो सरळ खाली घसरला. शेजारच्या गाडीवर धरला, तर पटकन चिकटला.

बंपर काढला. कंडेन्सर समोरून स्वच्छ, रेडिएटर इंजिनच्या बाजूनं स्वच्छ. दोघांच्या मधल्या बोटभर फटीत टॉर्च मारला, तर पलीकडचं काहीच दिसेना. कंडेन्सर सैल करून पुढं ओढला. बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, बारीक भुसा, धूळ, किडे, त्यावर पावसाचं पाणी, सगळं बसून रेडिएटरवर गोधडी झाली होती. नखानं ओढली तर तळहाताएवढा तुकडा सुटून आला. आतल्या बाजूला रेडिएटरच्या फिन्सच्या (पातळ पत्र्यांच्या) रेषा उमटलेल्या आणि आंबूस वास. गाडी रोज बगॅसच्या ढिगाऱ्याशेजारी उभी असते, हे साहेबांनी तेव्हा सांगितलं.

गावात इंजिनावर लोड कमी, तेवढी हवा पुरायची. घाटात लोड वाढला, त्यात कंडेन्सरची उष्णता रेडिएटरवरच यायची, की काटा चढायचा. नवा पंप पाणी फिरवत होता, पण ते गार करायला हवाच नव्हती.

साध्या पाइपनं, कमी प्रेशरनं, इंजिनच्या बाजूनं पुढं असं धुतलं. प्रेशर वॉशर मारला की ॲल्युमिनियमचे फिन्स आडवे होतात आणि हवा कायमची अडते, म्हणून पोरांना मी तो रेडिएटरजवळ नेऊच देत नाही. कूलंट निम्मं, डिस्टिल्ड वॉटर निम्मं भरलं, लाइनमधली हवा काढली. पुन्हा कागद धरला, बसला चिकटून.

पुढच्या आठवड्यात खंबाटकी ओलांडल्यावर त्यांचा फोन आला. एसी लावून चढले होते, काटा अर्ध्याच्या खालीच होता. कारखान्यात गाडी लावायला दुसरी जागा नाही, म्हणून त्यांना सांगून ठेवलंय, दरवर्षी पट्टा पडला, म्हणजे गळीत संपलं, की गाडी घेऊन या.